कारणाचा रकाना

अर्ज क्रमांक चारशे सतरा संगणकात चढवून तो चारशे अठराकडे गेला, तिथून चारशे एकोणीसकडे, आणि मग त्याचा हात थांबला. थांबण्यासारखे चारशे एकोणीसमध्ये काही नव्हते. मांजर, मादी, वय दोन, कारण: घर बदलले. त्याच्या डोळ्यांपुढे होता तो दोन पाने मागचा इंग्रजी सातचा आकडा, पोटातून आडवी रेघ मारलेला. असा सात तो लहानपणापासून पाहत आला होता. डब्याखाली ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर, कॅलेंडरच्या कोपऱ्यात, तापाच्या नोंदींच्या कागदावर. सात आणि एक यांची गल्लत होऊन कुणाचा फोन भलत्याच घरी लागू नये म्हणून टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बायका सात असा लिहीत, आणि त्यांच्यातली एक, म्हणजे त्याची आत्या, निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली तरी अजून तसाच लिहीत होती. त्याने पाने उलटी चाळली. कुत्रा, नर, मिश्र जात, वय नऊ, वजन सतरा किलो. कारणाच्या रकान्यात चौथ्या पर्यायावर खूण: मालकाचे वय अथवा आजारपण. ही खूण त्याने तीन मिनिटांपूर्वी वाचली होती, तिचा अंक टंकला होता आणि नेहमीप्रमाणे मनाशी म्हटले होते, खोटे असणार.

नाव आणि पत्ता त्याने पाहिला नव्हता, कारण तो दिसू नये अशी व्यवस्था त्यानेच केली होती. दर रविवारी सकाळी तो या प्राण्यांच्या निवाऱ्यात येई आणि आठवड्याभरात लोकांनी आणून सोडलेल्या कुत्र्यामांजरांचे अर्ज वर्गवारी करून संगणकात भरी. अर्जाचा वरचा भाग मागे दुमडून त्याला पिन मारलेली असे. नोंद करणाऱ्याला सोडणाऱ्याचे आडनाव, वस्ती, पेठ काही कळता कामा नये, नाहीतर नोंद करणारा नकळत पूर्वग्रहाने वागतो, हे त्याने इथल्या लोकांना तीन वर्षांपूर्वी समजावून सांगितले होते. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस तो पाणी तपासणी प्रयोगशाळेत काचेच्या बश्यांमध्ये वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजत असे. तिथे कुणी खोटे बोलत नसे. इथे सगळेच बोलत. ॲलर्जी म्हणणाऱ्या दोनशे बारा जणांपैकी फक्त नऊ जण डॉक्टरकडे गेले होते. घर बदलले म्हणणाऱ्यांतले निम्मे, निवाऱ्याच्या लोकांनी महिन्याभराने पडताळले तेव्हा, त्याच पत्त्यावर सापडले होते. माणसे ताकाला जाऊन भांडे लपवतात, आणि आपले काम भांडे शोधण्याचे, असे तो घरी जेवताना म्हणाला होता. आत्या तेव्हा हसली होती. त्याने पिन काढली, दुमड उघडली. आत्याचे नाव. त्याच्याच घराचा पत्ता. शुक्रवारची तारीख.

शुक्रवारी तो गावात नव्हता. धरणाच्या पाण्याचे नमुने घ्यायला दोन दिवस गेला होता आणि काल संध्याकाळी परतला तेव्हा दार उघडताना आतून भुंकणे आले नव्हते. "मुकादमाला मैत्रिणीकडे ठेवलाय चार दिवस," आत्या म्हणाली होती, "तिलाही सोबत होईल." मुकादम हे कुत्र्याचे नाव. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या कामावर लक्ष ठेवायची त्याला सवय होती, म्हणून. कुठली मैत्रीण, हे त्याने विचारले नव्हते. पायमोजे काढता काढता घरातली शांतता त्याच्या अंगाखांद्यांवरून उतरत गेली होती, मानेपासून पोटऱ्यांपर्यंत, आणि तो सलग आठ तास झोपला होता. सकाळी दाढी करताना तो शीळ घालत होता. आता ती शीळ त्याला आठवली, सूर नाही, फक्त ओठांचा तो आकार, आणि लाज वाटण्याआधी त्याला राग आला. कशाचा, ते ठरवता येईना. खोटे बोलल्याचा म्हणावा, तर खोटे बोलणाऱ्यांच्या पंक्तीत तो स्वतः बसलेला होता. मैत्रीण कोण, हे न विचारणे हेही एक प्रकारचे बोलणेच.

काउंटरवाल्या बाई बाहेरच्या खिडकीशी एका जोडप्याला पावती देत होत्या. त्यांचे झाल्यावर त्याने अर्ज पुढे ठेवला. बाईंनी चष्मा वर केला.

"या होय? यांना चांगलं लक्षात ठेवलंय मी. शांतपणे आल्या, शांतपणे लिहिलं. रडल्या वगैरे नाहीत. फक्त गळ्यातला पट्टा काढला नि विचारलं, हा परत न्यायचा की इथंच द्यायचा."

"मग?"

"म्हटलं, तुमची मर्जी. ठेवून गेल्या. तुमच्या ओळखीच्या का?"

"आत्या आहे माझी."

बाईंनी अर्ज पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "अगं बाई. पत्ता पाहून माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तुमचा पत्ता मला कुठं माहीत?"

"परत न्यायचाय."

"आज तिसरा दिवस. पाचपर्यंत नेता येईल." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, दोन वाजत होते. "पण त्यांनाच यावं लागेल, सर. ज्यानं सोडला त्यानंच परत घ्यायचा."

"मी त्याच घरात राहतो."

"म्हणूनच तर. नियम तुमचाच आहे ना?"

नियम त्याचाच होता. पहिल्या वर्षाच्या आकड्यांत त्याला अशी एकवीस घरे सापडली होती जिथे एकाने प्राणी आणून सोडला, दुसऱ्याने परत नेला आणि महिन्याभरात पहिल्याने पुन्हा आणला. घरातल्या भांडणात जनावर चेंडूसारखे इकडून तिकडे जाऊ नये, म्हणून सोडणाऱ्यानेच स्वतः यावे, असे त्याने सुचवले होते. लोकांनी माना डोलावल्या होत्या आणि त्यालाही तेव्हा बरे वाटले होते. पाचनंतर काय होते तेही त्याला ठाऊक होते. कुत्रा निवाऱ्याच्या मालकीचा होतो. नऊ किंवा त्याहून जास्त वयाच्या अकरा कुत्र्यांमागे एकाला घर मिळते. उरलेल्यांना शहराबाहेरच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली, चाळीस-पन्नास इतरांबरोबर ठेवले जाते. तिथे त्यांना अन्न मिळते, लस मिळते, आणि कारणाचा रकाना कोणी पुन्हा उघडत नाही. सोमवारी सकाळी गाडी जायची होती.

तो आतल्या बोळात गेला. दोन्ही बाजूंच्या पिंजऱ्यांतून कुत्री जाळीवर झेपावत, ओरडत होती. नवव्या पिंजऱ्यात मुकादम पुढच्या पंजांवर हनुवटी टेकून पडला होता. त्याने डोळे वर केले, शेपूट एकदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा डोळे मिटले. झाडणारी बाई म्हणाली, "हा लई शहाणा. दोन दिवसांत हूं नाय की चूं नाय." ज्या प्राण्याच्या आवाजाची सेकंदासेकंदाने नोंद ठेवण्यात त्याने सहा आठवडे घालवले होते, तो प्राणी या गदारोळात एकटा गप्प होता. या निरीक्षणाचे काय करावे हे त्याला कळेना. निरीक्षण होते, पण ते ठेवायला जागा नव्हती.

सहा आठवड्यांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या सिस्टर वर आल्या होत्या. त्या रुग्णालयात रात्रपाळी करत आणि सकाळी नऊ ते दुपारी तीन झोपत. भांडायला आल्या नव्हत्या. डोळ्यांखाली काळे घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कुत्रा फार भुंकतो हो, परवा माझ्या हातून औषधाची वेळ चुकली असती. आत्याचे तोंड एवढेसे झाले. फार म्हणजे किती, हा प्रश्न त्याला त्याच क्षणी पडला. ज्याला माप नाही त्या तक्रारीला उत्तरही नाही, असा त्याचा धंद्यातला अनुभव; कुणी पाणी घाण आहे म्हणून बाटली घेऊन आले की तो मान डोलावत नसे, तपासत असे. म्हणून त्याने कागदावर रकाने आखले: तारीख, वेळ, किती सेकंद, कशामुळे. कागद फ्रिजच्या दाराला लावला, शेजारी दोऱ्याने पेन्सिल टांगली, आणि दिवसभर तो प्रयोगशाळेत असल्यामुळे आत्याला सांगितले, भुंकला की लिहून ठेव. तिने विचारले, कशाला? तो म्हणाला, नंतर सांगतो. त्याच्या दृष्टीने यात काही गैर नव्हते. निष्कर्षाची अपेक्षा आधीच कळली की नोंद करणाऱ्याचा हात हलका होतो किंवा जड होतो. ती जनावरावर जीव टाकणारी बाई, तिला हे कागद कुत्र्याच्या बचावासाठी आहेत असे सांगितले असते तर तिने दहा सेकंदांचे सात लिहिले असते. तिने ते लिहिले नसते, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळले. संध्याकाळी तो कागद पाहायचा. अकरा वाजून चार मिनिटे, पंचेचाळीस सेकंद, लिफ्ट थांबली. बारा चाळीस, बारा सेकंद, कुरियर. दोन वाजून सात मिनिटे, अडुसष्ट सेकंद, कारण समजले नाही. आडव्या रेघेचे सात, एका ओळीत, ज्या शिस्तीने तिने तीस वर्षे लोकांच्या संभाषणांची सुरुवात आणि शेवट टिपला होता त्याच शिस्तीने. त्याला तिचे कौतुक वाटले होते. इतका निर्दोष नोंदकार प्रयोगशाळेतही मिळत नाही, असे त्याला वाटले होते, आणि हेही त्याने तिला सांगितले नव्हते, कारण कौतुकानेही नोंद बिघडते.

घरी जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात नोंदी चाळताना तो चौथ्या आठवड्याकडे येऊन थांबला. चौथ्या आठवड्यात त्याने कागदावर आणखी एक रकाना वाढवला होता: टाळता आले असते का? तेव्हा त्याच्याकडे त्याचे समर्थन होते. लिफ्टमुळे भुंकतो तर दार बंद ठेवून टाळता येईल, कुरियरमुळे भुंकतो तर पाटी लावून. सिस्टरना नुसती सरासरी देण्याऐवजी उपायही देता येतील. आत्या तोही रकाना भरू लागली. हो. हो. नाही. हो. मी अंघोळीला गेले होते, हो. मला डुलकी लागली होती, हो. त्या नोंदी वाचताना आपल्याला काय वाटत होते, हे आता त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहायचा प्रयत्न केला, आणि आठवणीवर त्याचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येक उत्तर त्याने दोनदा नाकारले. पण एक गोष्ट टिकून राहिली. त्या रकान्याची सिस्टरना काही गरज नव्हती. त्या आठवड्यात प्रयोगशाळेतला त्याचा एक अहवाल परत आला होता, घरी आल्यावर मुकादमाने त्याच्या बुटाचा बंद कुरतडलेला आढळला होता, आत्याने रेडिओ मोठा लावला होता, आणि आपल्याच घरात आपल्याला टेकायला जागा नाही असे वाटून तो स्वयंपाकघरात गेला होता व पट्टी घेऊन एक सरळ उभी रेघ मारली होती. ती रेघ मारताना त्याला बरे वाटले होते. इतकेच. इतकेच पुरेसे होते, की नव्हते? एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये.

अकरा महिन्यांपूर्वी आत्याची इमारत पाडायला काढली तेव्हा त्याने तिला फोन केला होता: माझ्याकडे ये. ती म्हणाली होती, मी एकटी नाही. तो म्हणाला होता, त्यालाही आण. तो सहा वर्षे एकटाच राहत होता. लग्न झाले होते आणि दोघांच्या समजुतीने मोडलेही होते. आत्या एक ट्रंक, एक रेडिओ आणि मुकादमाला घेऊन आली. तिच्याशी त्याचे नाते उपकाराचे नव्हते, कारण उपकार मोजता येतात. तो आठ वर्षांचा असताना, आई गेल्यावर, बदलीच्या नोकरीतल्या वडिलांनी त्याला तिच्या दारात उभे केले होते आणि म्हटले होते, चार दिवस ठेव. ते चार दिवस नऊ वर्षे चालले. रात्री घरी कोणी नाही म्हणून ती त्याला एक्स्चेंजमध्ये नेई. बोर्डाच्या मागे, गरम तारांच्या वासात, घोंगडीवर तो झोपे, आणि वरून तिचा आवाज येत राही: बोला, जोडते. वडिलांनी नेमके का सोडले हे त्याने त्यांना कधी विचारले नाही. विचारले असते तर त्यांनीही काहीतरी रुचेल असे कारण सांगितले असते. या दोन गोष्टींची तुलना मनात आपोआप जुळू लागली तेव्हा त्याने ती झिडकारली. उपमा म्हणजे पुरावा नव्हे. पण बस सिग्नलला थांबली होती, पावणेतीन वाजले होते, ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी हुज्जत घालत होता, आणि बाकीच्या उतारूंप्रमाणे त्याच्याही हातात करण्यासारखे काही नव्हते.

आत्या इस्त्री करत होती. रुमालांची चळत एका बाजूला, उशांचे अभ्रे दुसऱ्या बाजूला. फ्रिजच्या दारावर सहाव्या आठवड्याचा कागद होता, गुरुवारपर्यंत भरलेला.

"लवकर आलास," ती म्हणाली. "जेवलास?"

"मुकादम कुठाय?"

"सांगितलं ना, मैत्रिणीकडे."

"कुठल्या?"

"माझ्या मैत्रिणींची तुला कधीपासून चौकशी?"

"आत्या, तुझा अर्ज आज मीच संगणकात चढवला."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. चेहऱ्यावर फारसे काही हलले नाही. "नाव झाकतात ना तुझ्याकडे?"

"अक्षर झाकत नाहीत."

"ते राहिलंच," ती म्हणाली, चूक आपल्या नव्हे तर त्याच्या पद्धतीत सापडल्यासारखी.

"का केलंस?"

"लिहिलंय की. वय."

"चार जिने चढतेस तू. लिफ्ट असून."

"मग आजारपण धर. दोन्हीला एकच पर्याय आहे. सोय तूच केलीस."

"खरं कारण भुंकणं असेल तर वर्तनावर खूण करायची. पाचवा पर्याय."

"आणि मग त्याला घेणार कोण? तूच सांगितलंस ना, वर्तन लिहिलं की कुत्रं बाद. वांगी चिरत होते मी तेव्हा. तुला वाटतं, तू बोलतोस ते भिंती ऐकतात. मीही ऐकते."

त्याला खुर्ची हवी होती, पण खुर्चीवर अभ्रे होते. तो उभ्यानेच फ्रिजवरचा कागद काढायला गेला, बाकीचे पाच आठवडे ड्रॉवरमधून काढले, आणि ते सगळे इस्त्रीच्या टेबलावर मांडले. मग त्याने तिला सांगितले. दिवसाचे एकूण भुंकणे सरासरी अकरा मिनिटे. त्यातले सिस्टरच्या झोपेच्या वेळातले चार. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज त्याच वेळात याच्या कितीतरी पट. सहा आठवडे पूर्ण झाले की तो हे सिस्टरना दाखवणार होता आणि विषय संपणार होता. "हे कागद त्याच्या विरुद्ध नव्हते," तो म्हणाला, "त्याच्या बाजूचे होते."

आत्याने कागदांवरून एक बोट फिरवले. "चार मिनिटं."

"सरासरी."

"आणि हे तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागलं होतं."

"तिसऱ्या," ती म्हणाली. "तीन आठवडे मी अंघोळीला दार उघडं ठेवून बसत होते. त्याच्या तोंडावर हात धरत होते. आणि तुला माहीत होतं."

"सांगितलं असतं तर नोंदी बिघडल्या असत्या."

"माझ्या?"

"कुणाच्याही बिघडतात. माणूस नकळत..."

"अरे शास्त्रीबुवा," ती म्हणाली, आवाज न चढवता, आणि त्यामुळेच त्याला ते अधिक लागले, "तीस वर्षं बोर्डावर होते मी. नवरा-बायकोची भांडणं जोडली, मेल्याचे निरोप जोडले, माझ्या स्वतःच्या भावाचा, तुझ्या वडिलांचा फोन जोडला, तुला न्यायला येत नाही हे मला सोडून दुसऱ्याच कुणाला सांगत होता तो. एका कॉलचं एक मिनिट इकडचं तिकडं लिहिलं नाही. आणि तू मला तपासत होतास?"

त्याच्याकडे उत्तर होते. त्यात तिची नव्हे तर पद्धतीची चूक आहे, असे ते उत्तर होते, आणि ते देण्यासारखे नव्हते.

"बरं, ते जाऊ दे," ती म्हणाली. तिचे बोट शेवटच्या रकान्यावर येऊन थांबले होते. "हा? टाळता आलं असतं का? हाही त्याच्याच बाजूचा?"

"नाही," तो म्हणाला. "तो मी रागानं काढला."

"हं. मला वाटलंच."

ती खुर्चीवरचे अभ्रे उचलून स्वतः बसली. मग बोलली ती खिडकीकडे पाहत, भाजीचा भाव सांगावा तशी. "तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू 'जा' म्हणणार नाहीस. तू रकाना काढशील. पहिल्यांदा त्याच्यासाठी काढलास. म्हटलं, पुढचा कागद माझा. रेडिओ किती वाजता, किती मोठा, टाळता आला असता का. दोघांचं ओझं तुला पेलत नाही, दिसत होतं. एकाला जावं लागणार. मला या वयात कोण घेतंय? त्याचं निदान वजन कमी." ती किंचित हसली. "म्हणून त्याला नेऊन सोडला. मला इथं राहता यावं म्हणून. सांग, हे तुझ्या कितव्या पर्यायात बसतं?"

हे कुठल्याच पर्यायात बसत नव्हते. तीन वर्षांत, हजारापेक्षा जास्त अर्जांत, त्याला कोणी असे लिहून दिले नव्हते. आणि ही गोष्ट आता त्याला अधिक अस्वस्थ करत होती, की त्यातल्या कितींनी हेच लिहायचे टाळले असेल. ज्या खोटेपणाला तो तीन वर्षे हसत आला होता, तो खोटेपणा माणसांनी स्वतःला वाचवायला केला असेल असे तो धरून चालला होता. जनावराला वाचवायला, घरातल्या दुसऱ्याला वाचवायला, किंवा आपली भीती कागदावर उतरू नये म्हणून कोणी खोटे लिहीत असेल, ही शक्यता त्याने तपासलीच नव्हती. तपासण्याचा प्रश्नच त्याच्या मनात उगवला नव्हता. पण हा सगळा विचार सव्वातीन वाजता, इस्त्रीच्या गरम कापडाच्या वासात, कुणाच्याही उपयोगाचा नव्हता.

"मी तुला जा म्हणालो का कधी?" तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा चिडका निघाला.

"राहा तरी कधी म्हणालास?"

"फोनवर म्हणालो होतो. ये म्हणून."

"फोनवर माणसं काय वाटेल ते बोलतात. मला विचार."

तो भिंतीला टेकला. मग त्याने तिला ते सांगितले जे सांगायला नको होते, कारण सांगण्यासारखे खात्रीचे त्याच्याजवळ तेवढेच होते. "काल मला फार छान झोप लागली. तो घरात नाही म्हणून."

"माहीत आहे. सकाळी शीळ घालत होतास."

"तरी तो परत यायला हवा."

"का?"

त्याने कारण शोधले. चाळीस-पन्नास कुत्र्यांचे ते आवार त्याच्या डोळ्यांपुढे आले, नवव्या पिंजऱ्यातली ती एकदाच हललेली शेपूट आली, आणि प्रत्येक कारण उच्चारण्याआधीच त्याला अपुरे वाटले. ते खरे असले तरी त्याच्या बोलण्यात ते तोंडदेखले वाटेल अशी खात्री पटत गेली. "माहीत नाही," तो म्हणाला. प्रयोगशाळेत हे प्रतिष्ठेचे उत्तर होते. इथे ते नुसते नागडे उत्तर होते.

आत्याने उठून भिंतीवरचे बटण बंद केले, इस्त्रीची वायर गुंडाळली. "चल. सही करते मी. पण तिथं गेल्यावर मी सांगेन ते करायचं. का, ते विचारायचं नाही."

निवाऱ्यात ते पोचले तेव्हा पाचाला सतरा मिनिटे कमी होती. रांगेत त्यांच्यापुढे टोपलीत मांजर घेतलेला एक माणूस होता. त्याने आत्याला पुढे जाऊ दिले. काउंटरवाल्या बाईंनी परत घेण्याचा अर्ज काढला, कुठे सही करायची ते दाखवले. आत्याने चष्मा लावला, सोडणाऱ्याच्या जागी सही केली. त्याखाली 'यापुढे प्राण्याची जबाबदारी कोणाची' अशी ओळ होती. तिथे तिने त्याचे नाव लिहिले, एकेक अक्षर सुटे, दुसऱ्याला वाचता यावे असे. मग अर्ज त्याच्याकडे सरकवला.

"दोघांचंही नाव घालता येतं, आजी," बाई म्हणाल्या.

"नको. माझं झालं." ती त्याच्याकडे वळली. "आता तो तुझा. उद्या नकोसा झाला तर तू यायचं, तू रांगेत उभं राहायचं, तू त्याचा पट्टा काढायचा आणि तू कारण लिहायचं. मी पुन्हा येणार नाही."

त्याने पेन घेतले. सहीच्या वर बारीक अक्षरांत छापले होते: ही जबाबदारी मी प्राण्याच्या हयातीपर्यंत स्वीकारत आहे. हयात किती, या प्रश्नाला आकड्यात उत्तर होते, चार ते पाच वर्षे. तो आकडा त्याने एकदा मनाशी म्हटला आणि सही केली. आतून पिंजऱ्यांची दारे वाजली. झाडणारी बाई मुकादमाला घेऊन येत होती आणि तो जसजसा पुढे येत होता तसतशी बोळातली कुत्री एकामागून एक पेटून उठत होती.

"आणि माणसांसाठी असला अर्ज कुठं मिळतो?" आत्याने बाईंना विचारले.

बाई हसल्या. "नाही मिळत हो, आजी."

आत्या हसली नाही. तो अर्जावर तारीख घालत होता, मान वर न करता तो म्हणाला, "तू माझ्याकडेच राहायचंस."

"काय म्हणालास?"

"माझ्याकडेच राहा म्हटलं."

"ऐकू येत नाही. कुत्री ओरडताहेत."

त्याने पेन खाली ठेवले. काउंटरवाल्या बाई पाहत होत्या, टोपलीतले मांजर गुरगुरत होते, आणि त्याला प्रकर्षाने जाणवले की अशा वाक्यासाठी त्याच्याजवळ आवाजच नाही. आयुष्यभर तो ज्या पट्टीत बोलत आला होता ती पट्टी प्रयोगशाळेची होती. "माझ्याकडे राहा," तो ओरडला, "कायमची," आणि मांजरवाला माणूस दचकून मागे सरला.

आत्याने झाडणाऱ्या बाईच्या हातातली दोरी घेतली, शुक्रवारी ठेवून गेलेला पट्टा बाईंकडून घेऊन मुकादमाच्या मानेत अडकवला, एक भोक सैल केले.

"आलं ऐकू," ती म्हणाली. "पहिल्यांदा म्हणालास तेव्हाच आलं होतं." आणि दोरीचे टोक तिने त्याच्या हातात दिले.